गुंठाभर काळी जमीन आणि बटाटा



या व्यासपीठावरून गेल्या आठवड्यात आपण राज्यघटना ऐकली, संतवाङ्मय ऐकले, काल तर नाट्यसंगीतही ऐकले. आज आपणांस बटाटा ऐकावयाचा आहे. चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, कामगार चळवळीतला माणूस महागाईभत्त्यावर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलेल. आम्ही बटाट्याचे नाव काढताच त्यांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिले व मग सभ्यपणाने होकार दिला. त्यांच्या सभ्यपणाबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आम्ही शेतीतज्ज्ञ म्हणून बोलत नाही. तीन वर्षे एका हट्टी जमिनीशी झगडताना जे हाती लागले आणि जे हातचे गेले, तेवढेच सांगणार आहोत.

प्रथम या बटाट्याची ओळख करून घेऊ. तो आपल्या ताटात इतका रुळला आहे की, उपवासालाही चालतो. पण हा गृहस्थ मूळचा आपल्याकडचा नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारावर, आजच्या पेरू व बोलिव्हिया या देशांच्या भागात, हजारो वर्षांपूर्वी लोकांनी तो माणसाळवला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि येताना नावही त्यांच्याकडचेच घेऊन आला. बटाटा हे मूळ नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ते जमिनीखाली वाढलेले खोड आहे. झाडाच्या बुंध्यापासून मातीत आडव्या फांद्या निघतात आणि त्यांची टोके फुगून बटाटा होतो. फुगावयाचे म्हणजे जागा पाहिजे. भोवतालची माती बाजूला सरकली पाहिजे, तिच्यात हवा खेळली पाहिजे आणि रात्र थंड पाहिजे. यापैकी थंड रात्र आपल्याला हिवाळा फुकट देतो. माती मात्र ज्याची त्याने करावयाची असते.

आता आमची हकीकत. २०१६ साली आमच्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद झाला. देणी अडकली, दावा सुरू झाला. अशा वेळी कामगार दिवसभर फाटकाशी बसतो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातो. भूक वाईट खरीच. पण आपण निरुपयोगी झालो, ही भावना माणसाला अधिक लवकर खाते. कामगारांच्या चाळींमागे नाल्याच्या कडेला बारा गुंठे जागा पडीक होती. जागा ज्या संस्थेच्या ताब्यात होती, तिच्या एका अधिकाऱ्याने तोंडी सांगितले, “लावा काय लावायचे ते, पडून तर आहे.” बारा कुटुंबे पुढे आली. प्रत्येकी एक गुंठा अशी वाटणी दोरी धरून केली. भाजीपाला सर्वांनाच हवा होता. पण टिकणारे, पोट भरणारे आणि बाजारात नेहमी विकत घ्यावे लागणारे जिन्नस कोणते, असा विचार केला तेव्हा बटाट्यावर एकमत झाले.

जमीन काळी होती. काळी जमीन म्हटली की आपल्या मनात सुपीकपणा येतो. ते खोटे नाही. कापूस, ज्वारी, हरभरा यांची ती आईच आहे. पण बटाट्याला ती सावत्र आहे. दख्खनच्या काळ्या दगडाची ही माती अतिशय बारीक कणांची असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि पायाला चिकटते. वाळली की आकसते, भेगाळते आणि तिचे ढेकूळ टिकावालाही दाद देत नाही. त्यातून आमच्या जागेवर वर्षानुवर्षे मालमोटारी उभ्या राहून ती ठोकळ्यासारखी दडपली होती, आणि वरच्या थरात विटांचे तुकडे होते ते निराळेच. माती तपासून घेतली तर सामू ८.१ निघाला, म्हणजे बटाट्याला मानवतो त्यापेक्षा अधिक अल्कधर्मी. अशा मातीत सालीवर खरबरीत खवले धरण्याची भीती असते.

पहिल्या वर्षी आम्ही सर्व चुका एकदम केल्या. आमच्यातल्या एका हुशार माणसाने सांगितले की, चिकण मातीत वाळू घातली की ती मोकळी होते. एका गुंठ्यात आम्ही अर्धा ब्रास वाळू पसरली. वाळू थोडी आणि माती फार, असे झाले म्हणजे मातीचे बारीक कण वाळूच्या फटींत जाऊन बसतात आणि चांगला गिलावा तयार होतो. निम्म्याहून अधिक वाळू घातली तरच त्या उपायाला अर्थ आहे, आणि तितकी वाळू घालावयाची तर जमीन विकत घेतलेली बरी. त्या गुंठ्यात नंतर खुरपे शिरेना. दुसरी चूक म्हणजे पावसाळा संपल्यावर, माती ओली असतानाच, घाईने खणती केली. ओल्या काळ्या मातीचे जे ढेकूळ निघते, ते वाळल्यावर वीट होते. तिसरी चूक म्हणजे सपाट वाफे करून पाणी तुंबेपर्यंत दिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये मंचरच्या बाजारातून गुंठ्याला वीस किलो याप्रमाणे दोनशेचाळीस किलो बेणे आणले होते. जानेवारीत काढणी केली तेव्हा एकशेऐंशी किलो बटाटा निघाला, आणि त्यातलाही बराच सडका, वाकडातिकडा. म्हणजे जमिनीने आमचेच बटाटे कमी करून परत दिले.

त्या दिवशी कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. आमच्या एका साथीची वृद्ध आई तेथे बसून सडके निवडीत होती. तिचे माहेर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे. तिकडे पावसाळ्यात बटाटा करतात. जमीन हलकी, निचऱ्याची. ती आम्हांला म्हणाली, “अवं भाऊ, तुम्ही कामगारांचं पुढारी. उपाशी माणसाकडनं काम घेऊ नका म्हणता, आन् मातीकडनं उपाशीपोटी पीक मागता व्हय?”

आम्ही फाटकावर पुष्कळ भाषणे केली. परंतु आम्हांला इतके नेमके बोलता आलेले नाही. दुसऱ्या वर्षीचा कार्यक्रम या एका वाक्यातून निघाला.

२०१८ च्या जूनमध्ये आम्ही सगळ्या बारा गुंठ्यांत बटाट्याचा विचारही न करता ताग पेरला. तागाची मुळे दडपलेल्या थरात वाट काढतात, हवेतले नत्र जमिनीत आणतात, आणि फुलावर येण्याच्या सुमारास तो गाडला की मातीला हिरवे खत मिळते. आजींच्या शब्दांत, मातीचे जेवण. मंडईतला पाला आणि गोठ्यांतले शेण आम्ही खड्ड्यात कुजवले. खत पुरते कुजलेले पाहिजे, हा आजींचा दंडक होता. कच्च्या शेणखताने रोग आणि हुमणी पोसली जाते. कुजलेले खत बारीक कणांना एकत्र बांधून त्यांचे दाणे करते, दाण्यांमध्ये हवा राहते आणि पाणी खाली उतरते. काळ्या जमिनीला मोकळे करण्याचा टिकाऊ मार्ग हाच. जिप्समचे नाव अनेकजण घेतात. जमीन चोपण असेल, म्हणजे तिच्यात सोडियमचे प्रमाण वाढलेले असेल, तर त्याचा उपयोग आहे. परंतु माती तपासल्याशिवाय तो घालणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

पुढची गोष्ट वाफशाची. मातीची मूठ घेऊन दाबावी आणि बोटाने टिचकी मारावी. गोळा चिकटून राहिला तर घरी जावे. गोळा सहज फुटला तर वाफसा आला असे समजावे व कामाला लागावे. काळ्या जमिनीत हा वाफसा थोडेच दिवस टिकतो. त्या दिवसांत बाराही कुटुंबांनी एकदम राबावयाचे, असा ठराव आम्ही केला. ज्याच्या घरी कोणी आजारी असेल त्याचा गुंठा इतरांनी आधी करावयाचा. या ठरावामुळेच आमचे निभावले, असे आमचे मत आहे. एकट्या माणसाला वाफसा गाठता येत नाही.

लागवड सपाटीवर न करता उंच वरंब्यावर केली. अवघड जमिनीतली ही सर्वांत जुनी युक्ती आहे. बटाट्याच्या मूळ देशात, तितिकाका सरोवराच्या काठी, प्राचीन लोकांनी पाणथळ जमिनीत चर खणून मधले पट्टे उंचावले होते. ‘वारू वारू’ या नावाने ती पद्धत ओळखली जाते. आयर्लंडच्या ओल्या, निकस जमिनीतही गरीब कुळे असेच उंच वाफे करीत. पाणी खाली, पीक वर, हा त्यातला मुद्दा. आम्ही दोन वरंब्यांत दोन फूट अंतर ठेवले व एकेक वीतभर अंतरावर, कोंब आलेले, लहान लिंबाएवढे अखंड बेणे लावले. कापलेले बेणे स्वस्त पडते, पण दमट काळ्या मातीत ते सडण्याचा धोका अधिक. पाणी थोडे, वरचेवर, आणि वरंब्याच्या निम्म्या उंचीपेक्षा वर चढू द्यावयाचे नाही. महिन्याने झाडांना मातीची भर दिली. कारण उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते. काढणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडले, म्हणजे साल पक्की होते.

दुसऱ्या वर्षी सुमारे सात क्विंटल बटाटा निघाला. तिसऱ्या वर्षी २०१९ चा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला. लागवडीला उशीर झाला, तरीही पीक जोमात आले. चांगल्या जमिनीत गुंठ्याला दोनशे किलो निघतो. आमचे अनुमान शंभराच्या पुढे जाईल असे होते. खुरपे आता जमिनीत सहज शिरत होते. मातीचा वाससुद्धा बदलला होता. गांडुळे दिसली तेव्हा आमच्या एका साथीने पोराला हाक मारून ती दाखवली. कारखान्यात पंचवीस वर्षे यंत्रावर काम केलेला तो माणूस. त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान आम्ही पाहिला, तो बोनसच्या दिवशीही पाहिला नव्हता.

आणि २० जानेवारी २०२० च्या सुमारास, लागवडीला साठ दिवस झाले असता, पत्र आले. जागा संस्थेला हवी आहे; पंधरा दिवसांत मोकळी करावी.

बंधुभगिनींनो, येथे आम्हांला आमची स्वतःची चूक आपल्यासमोर कबूल करावयाची आहे. तीस वर्षे आम्ही कामगारांना एकच मंत्र देत आलो की, तोंडी शब्दावर विसंबू नका, करार लिहून घ्या. आणि याच बाबतीत, गोड बोलणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या शब्दावर, आम्ही बारा कुटुंबांचा तीन वर्षांचा घाम त्या जमिनीत घालू दिला. कागद म्हणून आमच्याजवळ काही नव्हते. जमीन त्यांची होती, यात वाद नव्हता. पण त्या जमिनीत गेलेले खत कोणाचे? मोकळी झालेली माती कोणाची? त्या रात्री एका साथीने हाच प्रश्न आम्हांला विचारला आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर शोधावयास आम्ही सवयीप्रमाणे वाचनालयात गेलो. तेथे कळले की, हा प्रश्न आमच्या कितीतरी आधी बटाटा पिकवणाऱ्या दुसऱ्या लोकांनी विचारला होता. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली. तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. रोग हे निमित्त खरे. पण माणसे एकाच पिकावर का आली होती? जमीन जमीनदाराची, कूळ त्याच्या मर्जीवर. कुळाने दगड वेचले, चर खणले, जमीन सुधारली, तर बहुतेक भागांत त्याचे बक्षीस म्हणजे वाढीव खंड किंवा हकालपट्टी. मग कोण जमीन सुधारील? ज्या चिमूटभर निकस तुकड्यात दुसरे काही पोट भरण्याइतके येत नाही, तेथे बटाटा लावावयाचा आणि दिवस काढावयाचे, एवढेच त्यांच्या हाती उरले होते.

त्या दुष्काळात, १८४६ साली, मेयो परगण्यात मायकेल डॅव्हिट जन्मला. तो चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले. ती मंडळी इंग्लंडात लँकेशायरला गेली. तेथे वयाच्या अकराव्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. याच एका हाताच्या गिरणीकामगाराने १८७९ साली आयरिश लँड लीग उभी करण्यात पुढाकार घेतला. रास्त खंड, कुळाला स्थैर्य आणि आपल्या कुळहक्काच्या विक्रीची मोकळीक, या तीन मागण्या १८८१ च्या कायद्याने बऱ्याच अंशी मान्य झाल्या. आपल्याकडेही मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याचा दिवस ठरला, तो याच न्यायाने. जो मातीत घालतो, त्याला मातीतून मिळेल याची शाश्वती पाहिजे.

इंग्लंडात शहरी कामकऱ्यासाठी आणखी एक सोय झाली. तेथे गावोगावी नगरसंस्था भाजीपाल्यासाठी लहान तुकडे नाममात्र भाड्याने देतात. त्यांना ‘अ‍ॅलॉटमेंट’ म्हणतात. एका तुकड्याचे नेहमीचे माप आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे भरते. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा नागरिकांनी मागणी केली तर नगरसंस्थेला तिचा विचार करावाच लागतो. दुसऱ्या महायुद्धात असे सुमारे चौदा लाख तुकडे पिकत होते. पण आमचे डोळे खिळले ते १९२२ च्या कायद्यावर. जागा परत घ्यावयाची तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी, असे त्याने ठरवले. १९५० साली ती मुदत बारा महिने झाली. आणि नोटीस देऊन काढलेल्या माणसाला उभ्या पिकाची आणि जमिनीत घातलेल्या खताचीही भरपाई मिळावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. खताची! वाचनालयात बसून आम्ही ती ओळ चार वेळा वाचली. आमच्या साथीच्या प्रश्नाला एका देशाच्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिले होते.

ते उत्तर येथे लागू नव्हते. तेव्हा नेहमीप्रमाणे शिष्टमंडळ, अर्ज, वाटाघाटी झाल्या. पीक काढून नेईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीअखेर, मुदत मिळाली. तेरा क्विंटलांहून थोडा अधिक बटाटा निघाला. जाताना काहींनी गोणीत माती भरून नेली. कायद्याने ती चोरी ठरते की काय, हे आम्ही वकिलाला विचारले नाही. आजींनी दोन घमेली माती तुळशीच्या कुंडीत आणि जुन्या पिंपात घातली.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. कामे थांबली, बाजार कधी उघडे कधी बंद. चाळींतल्या बारा घरांत खाटेखाली, अंधारात, पसरून ठेवलेला बटाटा होता. तो बाराच घरांत राहिला नाही, हे सांगावयास नकोच. एप्रिलच्या उन्हाळ्यात काही सडला, काहीला कोंब आले. तरी पुष्कळ चुली त्याच्यावर चालल्या. आणि ज्या जागेची पंधरा दिवसांत गरज होती, ती जागा पुढे कितीतरी महिने फलक लावून तशीच पडून होती. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. घडले तसे सांगतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे, नाही तर आमचेच साथी आम्हांला जाब विचारतील. गुंठाभर जमीन ही पगाराची जागा घेऊ शकत नाही. उद्या कोणी मालक म्हणू लागला की, कामगाराला बटाटे लावू द्या आणि वेतनवाढ विसरा, तर आम्ही त्याच्या फाटकाशी प्रथम उभे राहू. हक्काचा दाम तो हक्काचा दाम. पण माणसाच्या हातांना काम, पोराबाळांना मातीची ओळख आणि शेजाऱ्याला शेजारी मिळतो, याची किंमत आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

२०२१ साली आम्हांला दुसरी जागा मिळाली, आठ गुंठे. जमीन तीच, काळी, चिकट, हट्टी. ताग पुन्हा पहिल्यापासून. पण या वेळी बी पेरण्यापूर्वी आम्ही कागद केला. पाच वर्षांचा करार आहे. त्यात नोटिशीची मुदत सहा महिने आहे, आणि एक कलम असे आहे की, जागा मुदतीपूर्वी परत घेतल्यास उभ्या पिकाची व गेल्या वर्षी घातलेल्या खताची भरपाई द्यावी लागेल. जागेचे मालक ते कलम वाचून हसले होते. “खताचीसुद्धा?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, “साहेब, मुख्यतः खताचीच.” त्यांनी सही केली.

आपल्या या गावात नगरपालिकेचे आणि इतरांचे कितीतरी कोपरे काटेरी झुडपे आणि राडारोडा यांच्या स्वाधीन आहेत. आपल्यापैकी कोणाला तेथे काही पिकवावेसे वाटले तर आमचा अनुभव आपल्या उपयोगी पडावा, एवढीच इच्छा. माती तपासून घ्या, वाळूच्या नादी लागू नका, वाफशाची वाट पाहा, वरंबा उंच करा. पण या सर्वांच्या आधी दहा-बारा जण एकत्र या आणि हक्काचा कागद करून घ्या. जमीन सुधारावयास तीन वर्षे लागतात. तीन वर्षांची शाश्वती नसेल तर कोणताही शहाणा माणूस तिच्यात टोपलीभर खत घालणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आजी आता राहिल्या नाहीत. त्यांच्या पिंपातली माती त्यांच्या सुनेने नव्या जागेतल्या पहिल्या वरंब्यात मिसळली. तो वरंबा इतरांपेक्षा अधिक पिकतो, असे त्या बाईंचे म्हणणे आहे. आम्ही मोजून पाहिलेले नाही, आणि पाहणारही नाही.